बस जायच्या आधी एक, गेल्यावर एक

सगळ्यात आधी आल्या त्या नेहा मॅडम. यायचं ठरलं होतं अकराला, बाई दहालाच दारात. मी ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. मी उठेपर्यंत त्यांनी चपला काढल्या आणि सरळ सुपाच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसल्या. पुण्याची बाई, पण बसणं आपल्यातलं. त्यांच्यामागून संस्थेच्या शाळेतले काळे गुरुजी आले, धापा टाकत. त्यांना कुणीतरी मागच्या गल्लीत पाठवलं होतं. आमच्या भागात आता घरं कमी आणि क्लासच्या पोरींच्या खोल्या जास्त. पत्ता विचारावा तर पोरी सगळ्या बाहेरगावच्या, त्यांना स्वतःच्या मेसपलीकडचं लातूर ठाऊक नसतं.

गुरुजी टेकले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "आजी, आपल्या व्यंकटराव सरांना साठ वर्षं पुरी होऊन राहिली. संस्था गौरवग्रंथ काढून राहिली. त्यात तुमचा लेख पायजे."

"माझा?" मी म्हणाले. "गुरुजी, मी शाळेची पायरी न चढलेली बाई. माझ्या वेलांट्या कुठं जाऊन पडतील, मलाच ठाव न्हाई."

"वेलांट्या तुमची नात उचलंल. मोठमोठ्या लोकांचे लेख आलेत, पण समद्यांनी एकच लिहिलंय की सर लई शिस्तीचे. कशाची शिस्त, ते एकानंबी लिहिलं न्हाई."

नेहा मॅडम खाली मान घालून खडे वेचत होत्या. तशाच म्हणाल्या, "बसचं लिहा, आजी. माझी चूकही लिहा. मी रागावणार नाही."

म्हणून ही वही घेऊन बसले आहे. माझी नात रेणुका शुद्धलेखन बघणार आहे. मजकुराला हात लावायचा नाही, असं तिला बजावून ठेवलंय.

माननीय श्री. व्यंकटराव येरमवार सर मूळचे बिलोलीचे. नोकरीला नांदेडला होते आणि भूकंपापासून लातूरचे झाले. त्यांची माझी पहिली भेट झाली ती पत्र्याच्या शेडमध्ये. गणपती बुडवून आलो आणि त्याच रात्रीच्या पहाटे आमचं गाव खाली बसलं. आमचे मालक त्यात गेले. त्यांच्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, हा लेख सरांचा आहे. मुलगा दत्ता लातूरला डाळमिलमध्ये पाळीवर होता म्हणून राहिला, आणि सून मंगल दाराच्या चौकटीखाली होती म्हणून राहिली. तिला तेव्हा सहावा महिना लागला होता.

शेडमध्ये आल्यावर पहिले काही दिवस कुणाला काही सुचत नव्हतं. लोक दगडमातीतून भांडी उकरून आणायचे, फोटो आणायचे, कुणी घड्याळं आणायचे. घड्याळं बरीच निघाली. पण सगळी एकाच वेळेला थांबलेली, चार वाजायला दोन-चार मिनिटं कमी. बघवत नव्हतं. लोक ती उलटी करून ठेवायचे.

अशात एक दिवस एक काटकुळे गृहस्थ आले. अंगात पांढरा बुशशर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत भलंमोठं रजिस्टर, पेन रजिस्टरला दोरीनं बांधलेलं. हेच आपले सर. नांदेडच्या संस्थेनं आमच्याकडं दवाखाना काढला होता आणि त्याच्या नोंदी ठेवायला सरांना पाठवलं होतं. आठ दिवसांसाठी आले होते म्हणे. त्यांच्या आईनं आठ दिवसांचेच कपडे भरून दिले होते.

ते प्रत्येकाजवळ उकिडवे बसायचे आणि विचारायचे. नाव काय, वय काय, ताप कधी आला, गोळी कधी घेतली. कुणी म्हणालं सकाळी आठला, की सर लगेच विचारायचे, "कुणाच्या घड्याळात?"

लोक वैतागायचे. आमच्या शेजारची पारूबाई तर फटकळच. ती म्हणाली, "साहेब, गाव गेलं, घर गेलं, आन् तुमी घड्याळ इचारून राहिले?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, इथं डॉक्टरांचं घड्याळ एक सांगतं, सिस्टरांचं दुसरं, ट्रकवाल्याचं तिसरं. एकानं आठला गोळी दिली आणि दुसऱ्यानं आठच वाजलेत म्हणून परत दिली, तर पोराला दोन गोळ्या जातील. म्हणून विचारतो. घड्याळ नसलं तर नसू द्या. गोळी घेतली तेव्हा काय चाललं होतं, ते सांगा."

पारूबाई म्हणाली, "दूधवाला ट्रक आला व्हता." रजिस्टरात शेवटी शेऱ्याचा रकाना होता, त्यात सरांनी लिहिलं, दूधवाला ट्रक आला तेव्हा. त्या दिवसापासून आम्हाला सवयच लागली. ताप आला तर आम्ही वेळ सांगायचो ती अशी, भजन सुरू व्हायच्या आधी, नळाला पाणी आल्यावर, शाळेची पोरं मैदानात उभी राहिल्यावर. आणि सर ते सगळं जसंच्या तसं लिहून घ्यायचे. एवढा शिकलेला माणूस आमचं बोलणं खोडत नाही, हे आम्ही तिथं पहिल्यांदा बघितलं.

आता माझ्या नातींकडं येते. संक्रांत होऊन गेली होती, थंडी मरणाची, पत्रा बर्फासारखा गार. मंगलला पहाटे कळा सुरू झाल्या. डॉक्टर लातूरला होते, सिस्टर एकट्या. मी पाणी तापवलं आणि मंगलच्या डोक्याशी बसले. पहिली पोर आली, मी तिला धडप्यानं पुसत होते आणि तेवढ्यात रस्त्यावर नांदेडला जाणाऱ्या पहिल्या बसचा हॉर्न वाजला. तो ड्रायव्हर रोज आमच्या शेडपाशी हॉर्न देऊनच पुढं जायचा, कुणाला बसायचं असेल तर. सिस्टर म्हणाल्या, "आजी, थांबा, अजून एक हाय." मला वाटलं माझी गंमत करून राहिल्या. बस पुढं गेली आणि दुसरी आली.

सात वाजता सर रजिस्टर घेऊन हजर. सिस्टर म्हणाल्या, "पहिली पाच वीस, दुसरी पाच पन्नास."

"कुणाच्या घड्याळात?"

"माझ्या."

"तुमचं दहा मिनिटं पुढं असतं, सिस्टर. बस चुकू नये म्हणून तुम्हीच लावलंय." आणि त्यांनी लिहिलं पाच दहा, पाच चाळीस. मग माझ्याकडं वळले. "मावशी, तुम्हाला काय आठवतं?"

मी म्हणाले, "नांदेडची पहिली गाडी जायच्या आधी एक, गेल्यावर एक."

तेही त्यांनी शेऱ्यात लिहिलं. मला हसू आलं. लेकरांच्या जन्मात एसटीची नोंद कोण करतं? पहिलीचं नाव ठेवलं रेणुका, माहूरच्या देवीला बोललेलं होतं म्हणून. दुसरी गोदावरी, कारण ती बस गोदावरीकडं चालली होती. नाव सुचवलं ते सरांनीच.

शेडमधल्या त्या वर्षात सरांनी माझ्यावर एक उपकार केला, तो लिहिल्यावाचून पुढं जाववत नाही. त्यांनी स्वतःचं भिंतीवरचं घड्याळ नांदेडहून आणून आमच्या शेडमध्ये टांगलं. रोज सकाळी सातच्या बातम्या लागल्या की रेडिओशी ते जुळवायचे. उलटी ठेवलेली घड्याळं बघून बघून आमच्या मनाला काय झालं होतं ते त्यांना न सांगता कळलं असणार. एक दिवस मला म्हणाले, "मावशी, उद्यापासून हे तुम्ही जुळवायचं." मला काटे कळत नव्हते. मग त्यांनी स्टीलच्या ताटाच्या पाठीवर खडूनं आकडे काढले, दोन काड्या ठेवल्या आणि मला घड्याळ शिकवलं. मी आधी घड्याळ वाचायला शिकले आणि मग अक्षरं. अजून कुणी विचारलं की आजी तुमचं शिक्षण किती, तर मी सांगते, ताटभर.

पुढं शेडची वस्ती उठली, पक्की घरं झाली, आम्ही दत्ताकडं लातूरला आलो. संस्थाही लातूरला वाढली. शाळा झाली, वसतिगृह झालं, अकरावी-बारावीचे क्लास झाले. लातूरला तर क्लासचं वारंच सुटलं होतं. चौकाचौकात पोरांचे फोटो लावलेले फलक, सकाळी सहाला सायकलींची रांग. संस्थेनं एक चांगलं केलं. शेडमध्ये जन्मलेल्या लेकरांसाठी क्लासमध्ये आणि वसतिगृहात जागा राखून ठेवल्या, फुकट. यादी संस्थेच्या कंप्युटरमधून निघायची आणि यादीतली जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली की प्रवेश. दुसऱ्या क्लासला घालायची दत्ताची ऐपत नव्हती. पोरी दोघी हुशार. दहावीत दोघींना सारखेच गुण पडले होते, तीन इकडचे तिकडे.

तर त्या वर्षी गोदाचा फॉर्म मंजूर झाला आणि रेणुकाचा परत आला. त्यावर लाल पेनानं लिहिलेलं, जन्मतारीख जुळत नाही. दाखल्यावर दोघींची सोळा. यादीत गोदाची सोळा आणि रेणुकाची पंधरा. दुरुस्तीला चार दिवस होते.

घरात चूल पेटली पण कुणी जेवलं नाही. रेणुका भिंतीकडं तोंड करून बसलेली. गोदानं आपला मंजूर झालेला फॉर्म गादीखाली घातला, बहिणीला दिसू नये म्हणून, आणि म्हणाली, "मी बी जात न्हाई मग."

दत्ता म्हणाला, "आई, एका दिवसानं काय बिघडतंय? प्रतिज्ञापत्र करून दाखल्यावरच पंधरा करून आणतो. बाकीचे लोक तसंच करून राहिले."

हे खरं होतं. फॉर्म एकटीचा परत आला नव्हता, बऱ्याच लेकरांचे आले होते. आणि आपल्याकडच्या माणसांना जन्मतारखेचं कधी काही वाटलंच नाही. पूर्वी मास्तर शाळेत घालताना एक जून लावून मोकळे व्हायचे. कंप्युटर म्हणतोय पंधरा, तर कंप्युटरचंच खरं असणार, आपलीच काही चूक असेल, असं म्हणून माणसं कोर्टासमोर रांग लावून उभी.

मी म्हणाले, "दत्ता, सोळाला झालेली पोर पंधराला कशी होईल? आन् जुळ्यातली एक दिवसभर आधी येऊन काय करत होती, वाट बघत?" मी रेणुकाचा हात धरला आणि संस्थेच्या ऑफिसात गेले.

तिथं नेहा मॅडम होत्या. जुन्या कंप्युटरमधलं सगळं नव्यात चढवायचं काम पुण्याच्या कंपनीला दिलं होतं आणि कंपनीनं ह्यांना पाठवलं होतं. महिनाभर त्या मान वर न करता काम करत होत्या. त्यांनी यादी माझ्यासमोर धरली. "आजी, हे बघा. रेणुका पंधराला रात्री अकरा चाळीस. गोदावरी सोळाला रात्री बारा दहा. मध्ये अर्धाच तास आहे. जुळ्यांचं होतं असं कधी कधी. एक बाराच्या आधी, एक बारानंतर. दाखल्यात चूक झाली असेल."

बाई शहाण्या होत्या, बोलणं गोड होतं, आणि अर्धा तास तर बरोबर होता. क्षणभर मलाच वाटलं, आपलंच डोकं फिरलं की काय. मग म्हणाले, "बाई, मी तिथं होते. उजाडत आलं होतं. मधून नांदेडची बस गेली. रात्री बाराला कुठली बस?"

"कोणती बस?"

"पहिली. एक झाली, बस गेली, मग दुसरी झाली."

आतल्या खोलीचं दार उघडलं. सर बाहेर आले, चष्मा कपाळावर. "मावशी, काय म्हणालात? परत म्हणा."

मी परत म्हणाले. सरांनी यादी हातात घेतली, बराच वेळ बघितली, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. टेबलावरचं चहाचं ताट उलटं केलं. मी ओळखलं, आता काड्या मागणार.

"मावशी, आपल्याकडं पहाटेचे साडेपाच होतात, तेव्हा तिकडं विलायतेत रात्रीचे बारा झालेले असतात. म्हणजे त्यांची तारीख आपल्या साडेपाचला बदलते. नव्या कंप्युटरनं सगळ्या वेळा विलायतेच्या करून ठेवल्यात. ते चूक नाही, साऱ्या जगाच्या वेळा एका घड्याळात ठेवल्या की सोपं जातं. पण यादी काढताना त्या परत आपल्या घड्याळात आणायच्या राहिल्या. गोदा साडेपाचनंतरची, तिची तारीख वाचली. रेणुका आधीची, ती एक दिवस मागं गेली. तुमची बस बरोबर त्या रेषेवरून गेली."

"म्हणजे माझी एक नात विलायतेत झाली म्हणा की," मी म्हणाले. रेणुका दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

नेहा मॅडमचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, "सर, मी आत्ता सगळ्यांना साडेपाच तास मिळवून टाकते. संध्याकाळपर्यंत यादी होईल."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, करा. मी तर म्हणणारच होते, चार दिवसांतले दोन गेले होते. सर म्हणाले, "नाही. आधी विचारायचं, कुणाच्या घड्याळात. जुन्या कंप्युटरमध्ये सगळ्या वेळा एकाच रकान्यात आहेत, पण त्या सगळ्या एका घड्याळाच्या नाहीत."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस माझ्या पोरीचं नशीब घड्याळात अडकवणार. मी तोंडावर म्हणाले सुद्धा, "सर, रेणुकीचं तेवढं आज करून द्या, बाकीचं सावकाश करा की."

सर म्हणाले, "मावशी, तिचं मला हातानं आत्ता बदलता येतं. पण मग उरलेली लेकरं चुकीचीच राहतील, आणि तिच्या तारखेवर कुणी बोट ठेवलं तर मला दाखवायला कागद नाही. मला उद्याचा दिवस द्या."

मी रात्रभर त्यांच्यावर रागावून होते, हे इथं लिहायला हरकत नाही. त्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सर पहिल्या गाडीनं नांदेडला गेले आणि दुपारी परत आले, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. सर लातूरला असले तरी घर तेव्हा नांदेडलाच होतं, आणि शेडमधली सगळी रजिस्टरं त्यांनी तिथं जपून ठेवली होती. वहिनींनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, पेटीवर कुरडयांचे डबे रचले होते, ते उतरवण्यात अर्धा तास गेला म्हणे. सर ऑफिसात न जाता आधी आमच्या दारात उतरले. मला म्हणाले, "चला, मावशी. तुमची साक्ष लागणार."

त्या दुपारी आम्ही तिघं जमिनीवर सतरंजी टाकून बसलो, सर, नेहा मॅडम आणि मी. माझ्या लक्षात राहिलं ते सांगते, कारण धान्य निवडण्यासारखंच ते होतं. तीन ढीग करायचे होते. एक ढीग हातानं चढवलेल्या नोंदींचा. त्या रजिस्टरावरून घेतलेल्या, म्हणजे आपल्या घड्याळाच्या. दुसरा ढीग नंतरच्या वर्षांचा. तेव्हा संस्थेला परदेशातून कंप्युटर भेट आला होता आणि तो वेळ आपणहून टाकायचा. त्याच्या पोटातलं घड्याळ कुणी बदललंच नव्हतं. बिचारा आपल्या लातुरात बसून विलायतेची वेळ लिहीत होता. हातानं घेतलेल्या वेळेइतकंच त्यालाही मागं ढकललं होतं, म्हणजे तो दोनदा मागं गेला. साडेपाच तास मिळवून त्याचं भागणार नव्हतं. आणि तिसरा ढीग ज्यांची वेळ कुणालाच माहीत नाही त्यांचा. तिथं रकाना रिकामा चालत नव्हता म्हणून नुसते रात्रीचे बारा टाकलेले. त्यामुळं ही लेकरं झाडून सगळी एक दिवस मागं गेली होती. सर म्हणाले, "ह्यांना वेळच नाही. ह्यांची फक्त तारीख ठेवायची, तिला कुठल्याच घड्याळाला बांधायचं नाही."

परदेशी कंप्युटरच्या ढिगात अजून एक वैताग निघाला. विलायतेत म्हणे उन्हाळ्यात सगळ्यांचं घड्याळ एक तास पुढं करतात. मी म्हणाले, "कशापायी?" नेहा मॅडम म्हणाल्या, "उजेड जास्त वापरायला मिळतो." आता आपल्याकडं काय कमी उजेड आहे? आपण उन्हाळ्यात शाळा सकाळची करतो, घड्याळाला कोण हात लावतं. पण त्या एका तासापायी उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या नोंदी वेगळ्या काढाव्या लागल्या.

कोणती नोंद कोणत्या ढिगातली, हे सांगत होता तो शेऱ्याचा रकाना. दूधवाला ट्रक, नळाचं पाणी, भजन. नेहा मॅडम एकेक वाचायच्या आणि मी सांगायचे, हे सकाळचं, हे दिवेलागणीचं. रेणुकाचं पान आलं. सरांच्या तरुणपणीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, नांदेडची पहिली गाडी जाण्यापूर्वी एक, गेल्यावर एक, आजीचे सांगणे. सरांनी सकाळी नांदेडच्या स्टँडवर एका निवृत्त कंट्रोलरला गाठून त्या गाडीची वेळही विचारून आणली होती. आमच्या शेडपाशी साडेपाच.

नेहा मॅडमनी ते पान हातातल्या यादीशी ताडून बघितलं. मग म्हणाल्या, "हा शेरा जुन्या कंप्युटरमध्ये नाहीच आहे, सर."

"नाही," सर म्हणाले. "कारण चढवणारा मी होतो. मला वाटलं, दूधवाला ट्रक कशाला टाइप करायचा. वेळ टाकली, घड्याळ गाळलं. चूक तुमची नाही, माझी आहे, आणि ती पंधरा वर्षं जुनी आहे."

चौथ्या दिवशी संस्थेच्या बैठकीत त्यांनी हेच उभं राहून सांगितलं, सगळ्यांसमोर, मान खाली न घालता. पुण्याच्या कंपनीवर ढकलायची आयती संधी होती. अध्यक्षांनी ती दोनदा पुढं केली, सरांनी दोनदा नाकारली. नवी यादी लागली तेव्हा मी, दत्ता आणि दोघी पोरी फलकापाशी उभे होतो. रेणुका, सोळा, पाच दहा. गोदावरी, सोळा, पाच चाळीस. खाली सगळ्या लेकरांची नावं आपापल्या दिवशी परत आलेली. गोदानं गादीखाली दडवलेला तो फॉर्म पिशवीतून काढला, चार घड्या पडलेला, आणि दोघी एकदम खिडकीपाशी गेल्या. कोर्टासमोरच्या रांगेतल्या लोकांना सांगायला सरांनी स्वतः माणूस पाठवला की दाखले बदलू नका, तुमचंच बरोबर आहे. ते वाक्य मला फार आवडलं. आपल्या लोकांना ते कुणी फारसं म्हणत नाही.

आज गोदावरी नांदेडला डॉक्टर आहे. रेणुका सरांच्याच हाताखाली संस्थेच्या नोंदी सांभाळते. आता कंप्युटरमध्ये प्रत्येक वेळेपुढं घड्याळ कुठलं, ह्याचा रकाना असतो, आणि शेऱ्याचाही असतो, त्यात कितीही लिहा. नेहा मॅडम तेव्हा कंपनीकडून आल्या होत्या. आता वर्षातून एकदा आपणहून येतात, सरांना भेटतात, आमच्याकडं जेवतात. मी एकदा त्यांना विचारलं होतं, सर तुम्हाला रागावले नाहीत का. त्या म्हणाल्या, "नाही आजी. त्यांनी मला तुमच्या शेजारी सतरंजीवर बसवलं, तेवढंच."

सरांची साठी म्हणजे गुरुजी म्हणतात तशी पुरी होऊन राहिली. कोणत्या दिवशी, ते मी विचारलं, तर रेणुका हसायला लागली. सरांच्या दाखल्यावर एक जून आहे. त्यांच्या मास्तरांनीही तीच लावली. बिलोलीच्या त्यांच्या आईला विचारलं तर म्हणायच्या, तूर काढून झाली होती आणि मळणी व्हायची होती. म्हणजे साऱ्या लेकरांच्या तारखा जागेवर आणणाऱ्या माणसाची स्वतःची तारीख कुणालाच ठाऊक नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांचं फक्त साल ठेवू, त्याला कुठल्याच घड्याळाला बांधायचं नको.

देवी रेणुकेजवळ माझं एवढंच मागणं आहे की सरांचे गुडघे त्यांना साथ देवोत, डोळ्यांचा चष्मा कपाळावर चढवण्यापुरताच राहो, वहिनींच्या हातच्या कुरडया त्यांना पचत राहोत. आणि त्यांच्या आयुष्यातल्या पुढच्या वेळा, जितक्या असतील तितक्या, कुठल्याही घड्याळात लावल्या तरी भरपूर निघोत.

त्या दिवशी जाताना गुरुजी म्हणाले, "आजी, लेख न्यायला गुरुवारी येतो. दहाला." नेहा मॅडम पायरीवर चप्पल घालत होत्या. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी वर बघितलं आणि गुरुजींना विचारलं, "कुणाच्या घड्याळात?" गुरुजी घड्याळ बघायला लागले. मीच मग ठरवून दिलं. गुरुवारी, समोरच्या क्लासच्या पोरी पहिल्या सुट्टीत चहाला बाहेर पडल्या, की या.